बातमीतलं ‘म्हणे’ कुठे गळतं?

“रालामंडळाच्या बाजूला बिबट्या दिसला म्हणे.” इंदूरच्या लोकमान्यनगरात सकाळी दूध घेताना कोणीतरी असं बोलतं. पुढच्या घरी जाईपर्यंत त्याचं “रालामंडळाजवळ बिबट्या फिरतोय” होतं. दुपारच्या चहाला तेच वाक्य “बिबट्या आलाय, पोरांना बाहेर सोडू नका” म्हणून परत येतं. यात कोणीही खोटं बोललेलं नसतं. बिबट्या कदाचित असेलही, त्या टेकड्यांत ते आहेतच. वाटेत पडलं ते फक्त ‘म्हणे’.

मराठीत ही मोठी सोय आहे. वाक्याच्या शेपटीला ‘म्हणे’ जोडलं की ऐकणारा समजतो, सांगणाऱ्यानं स्वतः पाहिलेलं नाही, वजन तेवढंच द्या. गुप्तचर खात्यांच्या अहवालांतही असेच शब्द असतात: ‘आमच्या मते’, ‘बहुधा’, ‘एका सूत्रानुसार’, ‘याला दुजोरा नाही’. युद्धाचं समर्थन करायला गुप्तवार्ता वापरली जाते तेव्हा राजकारणी सरसकट खोटं रचतात, असा आपला समज असतो. तसंही घडलेलं आहे. ३१ ऑगस्ट १९३९ रोजी ग्लायविट्झच्या रेडिओ केंद्रावर नाझींनी स्वतःच हल्ला घडवला, दोष पोलंडवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी पोलंडवर चाल केली. पण जिथे संसद आहे, वर्तमानपत्रं आहेत, तिथे इतका उघड बनाव पचवणं अवघड असतं. तिथे बहुतेक वेळा एवढंच होतं, की टेबलापासून व्यासपीठापर्यंतच्या प्रवासात ‘म्हणे’ गळतं.

ते नेमकं कुठे गळतं हे बघायचं तर अहवाल तयार कसा होतो इथून सुरुवात करावी लागेल.

कच्ची बातमी, पक्का अहवाल

हेर किंवा फितूर माणूस सांगतो ती कच्ची बातमी. ती घेणारा अधिकारी तिला एक अक्षर आणि एक आकडा देतो. अक्षर ‘ए’ ते ‘एफ’: सांगणारा माणूस आजवर किती विश्वासाचा ठरला. आकडा १ ते ६: ही विशिष्ट माहिती इतर माहितीशी किती जुळते. दोन्ही मुद्दाम वेगळे ठेवतात, कारण भरवशाचा माणूसही चुकीचं ऐकू शकतो आणि लबाड माणूसही कधी खरं बोलून जातो. सराफ्यात तेच चालतं. दागिना घेऊन आलेलं गिऱ्हाईक ओळखीचं आहे का, हा एक प्रश्न. सोनं कसोटीवर किती उतरतं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून कसोटी कोणी कपाटात ठेवत नाही.

या पद्धतीत एक जागा हमखास चकवते. ‘एफ’ आणि ‘६’ यांचा अर्थ ‘खोटं’ असा नाही, ‘ठरवता येत नाही’ असा आहे. अगदी नव्या सूत्राची पहिलीच बातमी ‘एफ-६’ असू शकते. घाईत वाचणारा ती एकतर फेकून देतो, नाहीतर सोयीची असेल तर ‘खोटी आहे असं कुठे म्हटलंय?’ म्हणून उचलतो. महूहून निवृत्त झालेले कोणी फौजी शेजारी असतील तर विचारून बघा, हा घोळ ते चांगला ओळखत असतील.

कच्च्या बातम्या, उपग्रहांची छायाचित्रं, चोरून ऐकलेली संभाषणं हे सगळं एकत्र करून विश्लेषक निष्कर्ष लिहितात. अमेरिकेत महत्त्वाच्या प्रश्नावर सगळ्या गुप्तचर संस्था मिळून एक ‘राष्ट्रीय गुप्तवार्ता अंदाज’ काढतात. ब्रिटनमध्ये हे काम ‘संयुक्त गुप्तवार्ता समिती’ करते. इथे खरी ओढाताण एकेका शब्दावर होते.

शब्दांवर इतका वेळ का घालवायचा, याचं उत्तर १९५१ मध्येच मिळालं होतं. युगोस्लाव्हियावर सोव्हिएत गोटाकडून हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे, असं अमेरिकी अंदाजात लिहिलं गेलं. हे काम बघणारे शर्मन केंट यांच्या मनात शंभरात ६५ असा हिशेब होता. वाचणाऱ्या अधिकाऱ्यानं तो बराच कमी समजला. मग केंटनी आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं, तर एकाच कागदावर एकमतानं सही केलेल्या या मंडळींची उत्तरं २० पासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेली निघाली. पुढे केंटनी शब्दांना आकडे नेमून दिले: ‘जवळपास निश्चित’ म्हणजे ९३ टक्क्यांच्या आसपास, ‘संभाव्य’ म्हणजे ७५, ‘समसमान’ म्हणजे ५०. कवी वृत्तीच्या विश्लेषकांना ते रुचलं नाही. पण तज्ज्ञांच्या खोलीतच ‘शक्यता’ इतकी सैल असेल, तर खोलीबाहेर तिचं काय होत असेल बघा.

एका वाक्याचा प्रवास

२००२ चा ऑक्टोबर. इराकवर चढाईचा अधिकार राष्ट्राध्यक्ष बुश यांना द्यायचा की नाही, यावर अमेरिकी काँग्रेसमध्ये मतदान व्हायचं होतं. सिनेटरांनी मागणी केल्यावर जेमतेम तीन आठवड्यांत गुप्त अंदाज तयार झाला. त्यात रासायनिक अस्त्रांबद्दल म्हटलं होतं, त्याचा आशय असा: इराककडच्या साठ्याबद्दल आमच्याकडे नेमकी माहिती फार थोडी आहे, तरी सद्दामकडे बहुधा किमान १०० टन आणि कदाचित ५०० टनांपर्यंत रसायनं असावीत.

तीन-चार दिवसांत याच अंदाजाची जाहीर आवृत्ती निघाली. तिच्या ठळक निष्कर्षांत ‘बहुधा’ राहिलं, आकडा ‘काहीशे टन’ झाला आणि ‘नेमकी माहिती फार थोडी आहे’ हे सुरुवातीचं वाक्य गेलं. गुप्त प्रतीत ठिकठिकाणी ‘वुई जज’ होतं, म्हणजे ‘आमचा अंदाज असा’. जाहीर प्रतीतून तेही काढलं गेलं. ‘इराकने कार्यक्रम चालू ठेवला आहे असा आमचा अंदाज आहे’ याचं ‘इराकने कार्यक्रम चालू ठेवला आहे’ झालं.

५ फेब्रुवारी २००३ रोजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर बोलले. तिथे तोच आकडा ‘आमचा सावध अंदाज’ म्हणून आला: १०० ते ५०० टन. ‘सावध’ या शब्दानं वाक्याचा अर्थच उलटा झाला. मूळ कागद सांगत होता की आम्हाला फारसं ठाऊक नाही. आता ऐकणाऱ्याला वाटत होतं की ठाऊक आहे त्याहून हे कमीच सांगताहेत. आणि या साखळीत एकही आकडा फुगवलेला नव्हता! म्हणूनच असं काम पकडणं कठीण असतं.

गुप्त प्रत बघायला सिनेटरांना सुरक्षित खोलीत जावं लागत होतं. तेवढे कष्ट फार थोड्यांनी घेतले. गुप्तवार्ता समितीचे तेव्हाचे अध्यक्ष बॉब ग्रॅहम यांनी ती वाचली आणि विरोधात मत दिलं. ठराव सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ असा मंजूर झाला.

नळ्यांची गोष्ट

इराक अॅल्युमिनियमच्या ६०,००० नळ्या मागवत होता. व्यास ८१ मिलिमीटर, लांबी ९०० मिलिमीटर, भिंतीची जाडी ३.३ मिलिमीटर, मिश्रधातू ७०७५-टी६. साधारण तीन इंची पाइप, दोन हात लांब, असं डोळ्यांसमोर आणा. सीआयएचं म्हणणं, या युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजसाठी आहेत, म्हणजे अणुबाँबसाठी.

सेंट्रिफ्यूजमध्ये युरेनियमचा वायू भरलेली नळी प्रचंड वेगानं फिरवतात. फिरणाऱ्या नळीची भिंत पातळ हवी. ज्या जुन्या रचनेशी तुलना चालली होती, तिच्यात ती एक मिलिमीटरच्या आसपास होती. ३.३ मिलिमीटर म्हणजे तिपटीहून जाड. शिवाय नळ्यांवर अॅनोडायझिंगचा थर होता, जो सेंट्रिफ्यूजसाठी आधी खरवडून काढावा लागला असता. उलट इराककडे ८१ मिलिमीटरचं एक तोफखान्याचं रॉकेट होतं, इटलीच्या मेडुसा रॉकेटवरून उचललेलं, आणि त्याच्या खोळीला हीच मापं तंतोतंत बसत होती. थर कशासाठी? आधीच्या नळ्या उघड्यावर पडून खराब झाल्या होत्या म्हणून.

ऊर्जा खात्याचे ओक रिज प्रयोगशाळेतले सेंट्रिफ्यूज जाणणारे तज्ज्ञ हेच सांगत होते. परराष्ट्र खात्याच्या गुप्तचर विभागानंही असहमती नोंदवली. पण अंदाज लिहिताना संस्थांची मतं धरली गेली आणि बहुसंख्य संस्था सीआयएच्या बाजूनं होत्या. नाडी बघायची आणि वैद्य सोडून बाकीच्यांचे हात वर करून घ्यायचे, त्यातला हा प्रकार.

यापुढचा भाग आम्हाला सगळ्यात बोधक वाटतो. ८ सप्टेंबर २००२, रविवार. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर या नळ्यांची बातमी आली, सरकारी अधिकाऱ्यांनीच नाव न छापण्याच्या अटीवर दिलेली. त्याच सकाळी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी टीव्हीवर म्हणाले, आज टाइम्समध्येच आलंय बघा. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस दुसऱ्या वाहिनीवर म्हणाल्या, पुरावा म्हणून अणुस्फोटाचा ढगच बघायची वेळ येऊ नये. म्हणजे सरकारनं बातमी सोडली, पेपरानं छापली आणि सरकारनंच पेपराचा दाखला दिला. तीन तोंडं दिसली, सूत्र एकच. व्हॉट्सअॅपवर एकच मजकूर पाच गटांतून आला की आपल्याला तो पाचदा खरा वाटतो, तसंच हे.

एकाच माणसावर उभी इमारत

पॉवेल यांच्या भाषणात ट्रकवरच्या फिरत्या जैविक प्रयोगशाळांची चित्रं दाखवली होती. ती माहिती मुख्यतः एका इराकी रसायन अभियंत्याची. १९९९ मध्ये तो जर्मनीत आश्रयाला आला. जर्मन गुप्तचर त्याची चौकशी करत, आणि अमेरिकेकडे पोहोचले ते फक्त अहवाल, जवळजवळ शंभर. त्याच्याशी थेट बोलू द्यायला जर्मन तयार नव्हते. शंभर अहवाल म्हटल्यावर पुराव्याचा ढीग वाटतो, पण तो एकाच तोंडातून आलेला होता. टोपणनाव ‘कर्व्हबॉल’. २०११ मध्ये त्यानं स्वतःच कबूल केलं की गोष्ट रचलेली होती.

त्यानं वर्णन केलेल्या एका गोदामात ट्रक एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं निघतात, असं होतं. पॉवेल यांच्या भाषणानंतर थोड्याच दिवसांत संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक तिथे जाऊन आले. जिथून ट्रक जायचे तिथे भिंत उभी होती. युद्ध तरीही झालं.

याच विषयावरचा आणखी एक फितूर मे २००२ मध्येच ‘बनावट माहिती देणारा’ ठरवला गेला होता. त्या शिक्क्याची नोंद झाली, पण त्याच्या जुन्या अहवालांना ती जोडली गेली नाही. त्यामुळे पुढे फाइल उघडणाऱ्याला अहवाल दिसला, शिक्का दिसला नाही, आणि त्याचीही माहिती भाषणात शिरली. इथे कोणी कारस्थान शोधायला गेलं तर हाती फक्त कारकुनी लागेल.

नायजरच्या युरेनियमचं प्रकरण थोडक्यात. इराकनं तिथून ५०० टन युरेनियम मागवल्याची कागदपत्रं बनावट होती. २००० सालच्या पत्रावर सही होती ती १९८९ मध्येच पद सोडलेल्या नायजरच्या परराष्ट्रमंत्र्याची. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या लोकांनी कागद हाती आल्यावर ते साध्या इंटरनेट शोधानं काही तासांत ओळखलं, आणि ७ मार्च २००३ रोजी संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी सुरक्षा परिषदेला सांगितलं. आफ्रिकेतल्या युरेनियमचा उल्लेख मात्र २८ जानेवारीलाच बुश यांच्या भाषणात होऊन गेला होता. परराष्ट्र खात्याच्या विभागानं या दाव्याला ‘अत्यंत संशयास्पद’ म्हटलं होतं, ते गुप्त अंदाजाच्या मागच्या पुरवणीत राहिलं.

पंचेचाळीस मिनिटं

ब्रिटनमध्ये घसरण आणखी स्पष्ट दिसते, कारण तिथली कागदपत्रं नंतर सविस्तर बाहेर आली. मार्च २००२ मध्ये संयुक्त समितीनं लिहिलं की इराकच्या अस्त्रांबद्दलची माहिती तुटक आणि विरळ आहे. २४ सप्टेंबरच्या जाहीर पुस्तिकेच्या प्रस्तावनेत पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी लिहिलं की सद्दामनं रासायनिक आणि जैविक अस्त्रं बनवणं चालू ठेवल्याचं ‘निःसंशय’ सिद्ध झालं आहे. मधे सहा महिने गेले होते. पुरावा त्या मानानं वाढला नव्हता.

याच पुस्तिकेत चार वेळा आलं की काही अस्त्रं आदेशानंतर ४५ मिनिटांत तयार होऊ शकतात. मूळ बातमी रणांगणावरच्या जवळच्या पल्ल्याच्या अस्त्रांबद्दल होती, म्हणजे तोफेचे गोळे वगैरे कोठारातून पुढच्या तुकडीपर्यंत नेण्याबद्दल. तीसुद्धा ऐकीव, आणि दुजोरा नसलेली. पुस्तिकेत अस्त्रांचा पल्ला लिहिलाच नाही. दुसऱ्या दिवशी लंडनच्या पेपरांत सायप्रसमधले ब्रिटिश तळ ४५ मिनिटांच्या टप्प्यात आले! सरकारनं ते दुरुस्त केलं नाही. एक विशेषण वगळल्यानं तोफगोळ्याचं क्षेपणास्त्र झालं. ऑक्टोबर २००४ मध्ये ती बातमी अधिकृतपणे मागे घेतली गेली.

विश्लेषक गप्प का बसतात?

‘वरून दबाव आला’ हे उत्तर सोपं आहे, आणि बरंचसं चुकीचं. अमेरिकेच्या २००५ च्या चौकशी आयोगाला निष्कर्ष बदलायला लावल्याचा पुरावा सापडला नाही. ब्रिटनच्या बटलर समितीलाही नाही. दबाव प्रश्नांतून येतो. ‘इराककडे अस्त्रं नाहीत’ म्हणणाऱ्या अहवालाची पाचदा उलटतपासणी होते, ‘आहेत’ म्हणणारा एका वाचनात पुढे सरकतो. असं महिनाभर चाललं की कोणी आदेश न देताही लेखणी आपोआप वळते. शाळेत उत्तर ‘बरोबर’ असलं की मास्तर पायऱ्या तपासत नाहीत, तसं.

शिवाय भीती खरी होती. १९९१ च्या युद्धानंतर इराकचा अणुकार्यक्रम अंदाजापेक्षा खूप पुढे गेलेला सापडला होता. पुन्हा कमी लेखायचं नाही, ही धास्ती मनात होती. सद्दामही जुना साठा नष्ट केल्याचे धड कागद दाखवत नव्हता. तेव्हा चूक प्रामाणिक होती का? पुष्कळशी होती. पण प्रामाणिक चुकीला ‘निःसंशय’चं वेष्टन घालणं हा वेगळा निर्णय आहे, आणि तो राजकीय आहे. २००८ च्या सिनेट अहवालानंही साधारण तेच सांगितलं: अस्त्रांबद्दलच्या विधानांना तेव्हाच्या गुप्तवार्तेचा आधार होता, पण संस्थांमधले मतभेद लोकांपर्यंत पोचवले गेले नाहीत. अल कायदाशी संगनमताच्या दाव्यांना मात्र तोही आधार नव्हता. ब्रिटनच्या इराक चौकशीच्या २०१६ मधल्या चिल्कॉट अहवालाचा मुद्दाही तोच, की धोका अशा खात्रीनं मांडला गेला जिचं समर्थन होत नव्हतं.

घाई हा यातला दुसरा हात. ४ ऑगस्ट १९६४ च्या रात्री टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर उत्तर व्हिएतनामनं दुसरा हल्ला केल्याचं कळवलं गेलं. काही तासांतच घटनास्थळावरच्या कॅप्टन हेरिकनी कळवलं, की खराब हवामान आणि पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या ‘सोनार’ यंत्रावरचे उतावीळ नौसैनिक यांमुळे बरेच अहवाल शंकास्पद वाटतात, काही करण्यापूर्वी पूर्ण तपासणी करा. प्रतिहल्ला दुसऱ्याच दिवशी झाला. तीन दिवसांत लष्करी बळ वापरण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना देणारा ठराव आला: प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. असा हल्ला झालाच नव्हता, हे संभाषणं चोरून ऐकणाऱ्या अमेरिकेच्याच संस्थेच्या (एनएसए) इतिहासकारानं लिहिलं, आणि ते २००५ मध्ये खुलं झालं. हल्ल्याशी न जुळणारी बहुतेक संभाषणं वरच्यांपर्यंत गेलीच नव्हती.

पेपर वाचताना

अशी बातमी समोर आली की आधी सूत्रं मोजा, अहवाल नव्हे. मग बघा की असहमती छापली आहे का. सगळ्या संस्था एकमुखानं बोलताहेत असं दिसलं तर तळटीप कोणीतरी कापली असण्याचा संभव जास्त. जागेवर जाऊन बघणारा कोणी होता का, आणि त्याला वेळ दिला का? इराकमध्ये निरीक्षक नोव्हेंबर २००२ पासून होते. ७०० च्या आसपास तपासण्या झाल्या, साठा मिळाला नाही, आणि मार्चमध्ये त्यांना निघावं लागलं. ‘सापडलं नाही’ याचा अर्थ तेव्हा ‘चांगलं लपवलंय’ असा लावला गेला. कुठलाही निकाल ज्याला आणखी बळकट करतो, तो दावा तपासण्यापलीकडे गेला असं समजा. युद्धानंतर अमेरिकेच्याच शोधपथकानं २००४ मध्ये सांगितलं की साठे नव्हते आणि अणुकार्यक्रम १९९१ मध्येच थांबला होता.

भारतानं त्या युद्धात सैन्य पाठवलं नाही. एप्रिल २००३ मध्ये संसदेनं ठराव केला, त्यातही शब्दावरच घासाघीस झाली. हिंदीत ‘निंदा’ ठेवलं, इंग्रजीत त्यासाठी ‘कंडेम’ऐवजी सौम्य ‘डिप्लोर’. इंदुरात दोन्ही भाषा रोज बोलणाऱ्यांना ही गंमत लगेच कळेल.

आपल्याकडे असा वाद उद्या उभा राहिला तर कागद बाहेर येतील का? अमेरिकेत १९७६-७७ पासून आणि ब्रिटनमध्ये १९९४ पासून गुप्तचर संस्थांवर नजर ठेवणाऱ्या कायमच्या समित्या आहेत, त्यामुळे वरचं इतकं तरी कळलं. आपल्या संसदेची तशी समिती नाही. २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी खासगी विधेयक आणलं होतं, ते पुढे गेलं नाही. कारगिल समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत मांडला गेला, पण काही भाग गाळून. आणि इंदूरहून कोणी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला की अमुक अहवालात ‘बहुधा’ होतं का, तर आयबी आणि रॉ दोघंही कलम २४ आणि दुसऱ्या परिशिष्टाचा हवाला देऊन तो परत करू शकतात. भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कांच्या उल्लंघनाचा आरोप असेल तरच खिडकी थोडी उघडते. ‘बहुधा’ कोणी खोडलं, हा प्रश्न त्या दोहोंत बसत नाही.